सूनबाईनं ब्रेक दाबून पाहिला

मला कौतुक करता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची ही म्हणते, तुमच्या तोंडून चांगला शब्द काढणं म्हणजे गंजलेला नट काढणं, आधी तेल सोडा आणि मग वाट बघत बसा. म्हणू दे. आज मला सूनबाईबद्दल बोलायचंय आणि मी बोलणार. मध्ये कुणी टोकू नका, मला राग येतो.

तर मी अंडी वाहतो. हसायचं काही कारण नाही. टेकडीवर पोल्ट्रीच्या लांबलचक शेड आहेत, तिथून सकाळी ट्रे भरायचे, उतार उतरून चौकात यायचं आणि मग बेकऱ्या, खानावळी, दुकानं करत दुपारपर्यंत गाडी रिकामी करायची. गाडी म्हणजे आमची पिकअप. जुनी आहे, मान्य. दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, काच हातानं वर ओढावी लागते. पण इंजिन असं चालतं की नव्या गाडीवाल्यानं मान खाली घालावी. तिला खटारा म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. माझा सख्खा मेहुणा एकदा म्हणाला होता, त्याला अजून अंडी विकतच घ्यावी लागतात.

अंडी वाहणाऱ्याचा सगळा धंदा त्याच्या उजव्या पायात असतो. दगड-विटा वाहणारा कसाही ब्रेक मारतो, त्याचं काय जातंय? माझ्या मागे ट्रेवर ट्रे रचलेले असतात. चौक दिसायला लागला की मी खूप आधीपासून पेडलवर नुसता पाय ठेवतो, मग थोडा भार देतो आणि तेवढाच धरून ठेवतो. गाडी थांबली हे मागच्या ट्रेला कळता कामा नये. मागचे लोक हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. बाजारात मला सगळे कासव म्हणतात. 'कासव आलं का रे?' असं दुकानदार नोकराला विचारतो आणि मी दारातच उभा असतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. कासवाच्या ट्रेमध्ये फुटकं अंडं निघत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

आता सूनबाई. आमच्या गल्लीच्या टोकाला बॅगा शिवायचा कारखाना आहे, तिथं ती कामाला. आमचे चिरंजीव विजेच्या सामानाच्या दुकानात आहेत. त्या कारखान्यातल्या मशीनचं वायरिंग करायला म्हणून गेले आणि वायरिंग संपलं तरी जातच राहिले. मग काय, लग्न. घरात आली तेव्हा मला वाटलं, मुलगी घुमी दिसते. घुमी नव्हती. न बघता बोलायचं नाही, एवढाच तिचा नेम होता.

आमच्या घरात 'भाजी कशी झालीय' या प्रश्नाचं उत्तर घास तोंडात जायच्या आधीच द्यायची पद्धत आहे. छान. वर्षानुवर्षं आम्ही बापलेक छान म्हणत आलो. सूनबाई नवीन आली, तिलाही हिनं विचारलं. पोरीनं घास खाल्ला, नीट चावला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आई, चव चांगली आहे. मीठ जरा जास्त पडलंय." मी ताटाकडे बघायला लागलो. मुलगा पाणी प्यायला लागला. बोलायची सोय नव्हती, कारण मीठ खरंच जास्त होतं, आणि ते आमच्या लग्नापासून जास्त होतं! ही फुरंगटून बसली, पण पुढच्या भाजीत मीठ बरोबर पडलं. आता सासूबाई सुनेला चव दाखवल्याशिवाय भांडं उतरवत नाहीत.

तिला काहीही विचारा, तिचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'बघते आणि सांगते.' गॅस संपत आलाय का? बघते आणि सांगते. ही चादर धुतलेली आहे का? बघते आणि सांगते. मुलगा तिला चिडवतो, म्हणतो, हिला 'माझ्यावर प्रेम आहे का' असं विचारलं तेव्हाही हेच म्हणाली होती. ती नुसती हसते. खरंच म्हणाली असेल, मला शंका नाही.

एकदा घराची किल्ली द्यायला मी कारखान्यात गेलो होतो. तिचं मशीन घरातल्यासारखं नाही. खाली भली मोठी मोटर, सतत घरघरतेय, आणि पायाखाली पेडल. पेडल जरा जास्त दाबलं की मशीन पिसाटल्यासारखं पळतं आणि सुई बोटातून आरपार जाते. तिथल्या निम्म्या बायकांच्या बोटांना खुणा आहेत. सूनबाईची चप्पल बाजूला काढून ठेवलेली, टाच उचललेली, आणि जाड कापडाचे चार पदर एकावर एक घेऊन ती एकेक टाका असा घालत होती की जणू हातानंच शिवतेय. मी उभा राहून बघत बसलो. कुणी विचारलं, काय काका, काम होतं का? मी किल्ली दिली आणि आलो.

आणि मग माझा पाय मोडला. तोही कसा, तर पोल्ट्रीत ट्रे चढवताना फुटलेल्या अंड्यावरून घसरलो. जन्मभर ज्यांना जपलं त्यांनीच आपटलं. उजवा घोटा. प्लास्टर घालून घरी बसलो आणि घरच्यांचं डोकं खायला लागलो. गाडी दारात उभी. माझा जुना दोस्त आहे, गॅरेजवाला, त्याला सगळे मेस्त्री म्हणतात. आम्ही दोघं अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून एकमेकांना शिव्या देतोय. तो म्हणाला, तू लोळ, तोवर मी गाडीचं सगळं करून ठेवतो. इंजिन ऑइल, लायनर, ब्रेकचं ऑइल, सगळं त्यानं नवीन घातलं. मुलगा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, ब्रेक असा कडक झालाय, नुसता पाय ठेवला की गाडी जागेवर!" मला बरं वाटलं. असा दोस्त सगळ्यांना मिळत नाही.

प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मग गाडीही चालवा म्हणाले. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग एके दिवशी टेकडीवरून भरली गाडी घेऊन उतरलो, चौक दिसला, नेहमीसारखा पाय ठेवला, भार दिला. ब्रेक लागला. आणि मग पायाखालचं पेडल हळूच खाली जायला लागलं. चिखलात पाय रुततो ना, तसं. मी घाबरून पाय उचलला, पुन्हा दाबला, तर कडक! गाडी थांबली, पण चौकातल्या पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे जाऊन. एक सायकलवाला माझ्याकडे बघत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मला वाटलं, भास झाला असेल. मग पुन्हा तेच. मेस्त्रीकडे गेलो. त्यानं ऑइल बघितलं, डबी काठोकाठ. चाकं काढली, कुठं थेंबाची गळती नाही. नळ्या बघितल्या, हवा काढली. मग स्वतः चालवायला घेतली, भरधाव नेली आणि खाडकन ब्रेक मारला. माझं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. "दगड आहे दगड," तो म्हणाला. "तुझ्या मनात भीती बसलीय पडल्यापासून."

भीती! मी त्याला काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि मग ते बेकरीचं फाटक झालं. बेकरीच्या दारात वळलो, हळूच ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थांबतेय थांबतेय असं वाटलं आणि पेडल गेलं खाली. गाडी सरकत सरकत लोखंडी फाटकाला लागली. फार जोरात नाही, पण वॉचमन उडी मारून बाजूला झाला. मागचे वरचे ट्रे घसरले आणि फळीखालून पिवळं ओघळायला लागलं. त्या रस्त्यावर माझ्या गाडीतून असं कधी ओघळलं नव्हतं. बेकरीवाला बाहेर आला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द ऐकवून मोकळा झालो असतो. पण तो भला माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, पाय अजून बरा नाही का?"

तो हात मला सहन झाला नाही.

घरी बैठक बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, मी चालवून बघितली, मेस्त्रीकाकांनी बघितली. ब्रेक ठणठणीत आहे. वॉचमन थोडक्यात वाचला, आणि उद्या एखादं लहान मूल मध्ये आलं तर?" मेस्त्री खाली बघत म्हणाला, "आपलं वय झालं रे." मी ओरडलो, "तुझं झालं असेल!" पण ओरडण्यात दम नव्हता, कारण ते लहान मूल मलाही दिसायला लागलं होतं. हिनं गाडीची किल्ली उचलली आणि आत नेऊन कुठं तरी लपवली. झाडांच्या रोपांची नर्सरी चालवणारा एक ओळखीचा माणूस होता, त्याला गाडी हवी होती. रविवारी तो बघायला येईल, असं मुलानं सांगितलं. माझ्यावरच्या प्रेमापोटी सांगितलं, मला कळत होतं. म्हणून तर आणखी राग येत होता.

गाडी जाणार याचं दुःख होतंच. पण खरं दुखणं वेगळं होतं. गाडी गेली की ठरलं, माझा पाय गेला. मग मी कायमचा तो म्हातारा, ज्याच्याकडून एक दिवस गाडी काढून घ्यावी लागली. आणि खरं सांगू? माझा मलाच भरवसा वाटेनासा झाला होता. दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी खुर्चीत बसायचो आणि भिंतीला पाय लावून दाबत राहायचो, पाय सुटतो का बघायला. एकदा हिनं बघितलं. म्हणाली, "अहो, भिंत पाडताय का?" मी हसलो नाही. तिनं माझा चेहरा बघितला आणि आत निघून गेली. नंतर स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला.

त्याच संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसली. "बाबा," ती म्हणाली, "पेडल खाली जातं म्हणजे नेमकं कसं जातं?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. इतके दिवस सगळे मला पायाचं विचारत होते. पेडलचं कुणी विचारलंच नव्हतं.

मी सांगितलं. आधी लागतं, धरतं, मग मी तेवढाच भार ठेवला तरी खाली सरकतं. जोरात दाबलं तर सरकत नाही. "रोज होतं?" नाही. "मग कधी?" मी विचार केला. सकाळी निघताना कधीच नाही. टेकडी उतरून आल्यावर, गाडी चांगली तापल्यावर.

"बघते आणि सांगते," ती म्हणाली.

"अगं, तुला गाडी कुठं येते?"

"गाडी नाही येत. पेडल दाबता येतं."

शनिवारी तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. घरी आली आणि आधी म्हणाली, "आधी तुमचा पाय." मला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसली आणि तळहात माझ्या तळव्याला लावून म्हणाली, "दाबा. आणि तेवढंच धरा." मी लाजून अर्धा झालो. सुनेच्या हातावर पाय द्यायचा म्हणजे काय? "बाबा, दाबा," ती पुन्हा म्हणाली, जसं काही मी कापडाचं ठाण आहे आणि ती शिवण बघतेय. दाबला. तिनं डोळे मिटून घेतले. मग डावा बघितला, मग पुन्हा उजवा. "उजव्यात जोर थोडा कमी आहे," ती म्हणाली, "पण जेवढा देता तेवढा सोडत नाही." एवढं बोलून उठली. मी तिथंच बसून राहिलो, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्या पायाबद्दल बघून बोललं होतं.

मग किल्ली. ती सासूकडे गेली. आतून हिचा आवाज, "तू पण त्यांच्या नादाला लागलीस का?" मग डबे सरकवल्याचा आवाज, आणि हिनं पिठाच्या हातानंच किल्ली आणून तिच्या हातात ठेवली. माझ्या हातात नाही हं. "चौकात न्यायची नाही," मला बजावलं, "नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

घराशेजारी मोकळी जागा आहे. मी इंजिन चालू करून खाली उतरलो. सूनबाई सीटवर बसली, चप्पल काढली आणि पेडलवर पाय ठेवला. मी दाराशी उभा. पेडल जागचं हललं नाही.

"जात नाही, बाबा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" मी भडकलो.

"मी म्हटलं, आत्ता जात नाही. तापवू या."

मग त्या मोकळ्या जागेत मी गाडी गोल गोल फिरवायला लागलो. ती शेजारी. थोडं पळवायची, हळूच ब्रेक, थोडं पळवायची, हळूच ब्रेक. धूळ ही एवढी. शेजारीण गच्चीतून विचारते, "काय हो, गाडी शिकवताय का सुनेला?" आमची ही पायरीवर बसून तिला सांगते, "छे, दोघांचं डोकं फिरलंय." असं करता करता इंजिनाची ऊब पायांना लागायला लागली. मी थांबलो, इंजिन चालूच ठेवलं आणि उतरलो. ती पुन्हा सरकून सीटवर बसली.

मी दारातून वाकून तिच्या पायाकडे बघत होतो. टाच उचललेली, बोटं पेडलवर. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती बोटं माझ्यापासून लांब जायला लागली. अगदी हळू.

"बाबा," ती म्हणाली, "मी भार वाढवलेला नाही. हेच सरकतंय."

पेडल पार तळाला टेकलं.

मी पायरीवर जाऊन हिच्या शेजारी बसलो. ही विचारतेय काय झालं, काय झालं. गाडीतून सूनबाईचा आवाज येतच होता, तिचं काम चालूच होतं. "जोरात दाबलं की धरतंय... हळू दाबलं, गेलं... हळू दाबलं, आता नाही गेलं. दर वेळी जात नाही, बाबा. म्हणून सापडलं नाही कुणाला." मी रडलो. लपवायचं कशाला? सगळ्या गल्लीसमोर, शेजारीण गच्चीत उभी असताना, मी धोतराच्या वयाचा माणूस ढसाढसा रडलो, आणि हिनं पिठाचा हात माझ्या पाठीवरून फिरवून माझा सदरा पांढरा केला.

मेस्त्रीला बोलावलं. तो आला, बसला, त्याचे ते जाडजूड बूट पेडलवर आपटले आणि म्हणाला, "कडक आहे."

"काका, बूट काढा," सूनबाई म्हणाली.

"अगं, मोज्याला भोक आहे माझ्या."

"मोजा पण काढा."

काय करतो, काढला. "टाच टेकवू नका," ती सांगत होती. "नुसती बोटं. भार द्या आणि धरा. जास्त झाला. परत. काका, परत जास्त झाला, सुई गेली बोटात!" मेस्त्रीला घाम फुटला. जन्मभर ब्रेक दुरुस्त केले, पण ब्रेक असा विनवण्या करून कुणी दाबतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. शेवटी जमलं. त्याचा चेहरा बदलला. पायाखाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "आयला" म्हणाला. मग स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला.

त्यानंतर मात्र त्याला सांगावं लागलं नाही. "मास्टर सिलेंडर," तो म्हणाला. पेडलच्या पुढे एक नळकांडं असतं, त्यात रबरी वॉशर ऑइलला पुढे ढकलतो. तो वॉशर आत झिजला की ऑइल बाहेर सांडत नाही, आतल्या आतच मागे निसटतं. जोरात दाबलं की रबर फुगून कडेला घट्ट बसतं आणि काही कळत नाही. हळू दाबलं आणि ऑइल तापून पातळ झालेलं असलं की ते गुपचूप निसटतं. "तुझ्यासारखं दाबणारा दुसरा कुणी नाही," मेस्त्री म्हणाला, "म्हणून ते फक्त तुलाच दिसत होतं."

सोमवारी संध्याकाळी त्यानं गॅरेजमध्ये ते खोललं. मी आणि सूनबाई समोर उभे होतो. त्यानं वॉशर बोटावर घेऊन उजेडात धरला, कडेला बारीक ओरखडे. मग नळकांड्यात डोकावून बघितलं आणि आत बोट फिरवलं. बोटाला लागलेला गंज बघत म्हणाला, "हे मी केलं."

झालं होतं असं. ब्रेकचं ऑइल बदलताना हवा काढायला त्यानं पेडल पार तळापर्यंत दाबून दाबून सोडलं होतं. सगळ्या गाड्यांना तसंच करतात. पण माझा पाय इतकी वर्षं अर्ध्याच्या खाली कधी गेलेलाच नव्हता. त्या न वापरलेल्या अर्ध्या नळकांड्यात गंज धरला होता, आणि वॉशर पहिल्यांदाच तिथपर्यंत गेला तो खरवडून परत आला. दुसऱ्या कुणाच्या गाडीला हे झालं नसतं. अंडी वाहणाऱ्याच्याच गाडीला झालं, आणि तेही दोस्तानं लाड केले म्हणून!

मेस्त्रीच्या डोळ्यांत पाणी. "मी तुला भीती बसलीय म्हणालो रे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. खरं तर त्याची गचांडी धरायला हवी होती. पण मला हसूच फुटलं, थांबेना. म्हटलं, "गधड्या, पुढच्या वेळी एवढं प्रेम करू नकोस, परवडत नाही." मग तोही हसायला लागला. सिलेंडर नवीन बसला. हवा काढताना पेडल कोण दाबणार? सूनबाई. मेस्त्रीनंच तिला बसवलं.

हो, मधल्या रविवारी तो नर्सरीवाला येऊन गेला. हिनं दारातच सांगितलं, "गाडी विकायची नाही, पण आला आहात तर चहा घेऊन जा." मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मान खाली. मी म्हटलं, "अरे, तुझं काही चुकलं नाही. वॉचमन खरंच थोडक्यात वाचला. फक्त तू ब्रेकवर उडी मारतोस, ते सोड." त्याला मी कितीतरी वर्षांनी जवळ घेतलं, आणि त्यानं घेऊ दिलं.

पहिल्या दिवशी सूनबाई माझ्याबरोबर आली. तिचा कारखाना उशिरा उघडायचा होता. टेकडीवरून भरली गाडी घेऊन उतरलो. गाडी चांगली तापली होती. चौक दिसला. पाय ठेवला, भार दिला, धरला. पेडल जिथं होतं तिथं राहिलं आणि गाडी पट्ट्याच्या अलीकडे अशी थांबली की मागे कुणाला काही कळलं नाही. मी तसाच पाय ठेवून बसलो. सिग्नल लाल होता.

"सूनबाई," मी म्हटलं, "सगळे म्हणत होते पाय गेला. पोटचा पोरगा, जन्माचा दोस्त. मला स्वतःला पटायला लागलं होतं. तू एकटीनं कसा विश्वास ठेवलास माझ्यावर?"

तिनं विचार केला. नेहमीसारखाच, नीट.

"विश्वास नव्हता ठेवला, बाबा," ती म्हणाली. "मलापण वाटत होतं, पायच असेल."

मला चटका बसला. म्हटलं, "मग कशाला एवढं केलंस?"

"तुम्ही रोज सांगत होतात, आणि बघायला कुणी जात नव्हतं."

मी सिग्नलकडे बघितलं, अजून लालच होता. मग विचारलं, "आणि बघितल्यावर पायच निघाला असता तर?"

"तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "अशीच शेजारी बसून. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुम्हाला कळू दिलं नसतं."

सिग्नल सुटला. मागे सगळे हॉर्न वाजवायला लागले, कुणीतरी कासव म्हणून ओरडलंसुद्धा. ओरडू दे म्हटलं. डोळ्यांत पाणी असताना मी भरली गाडी हलवत नसतो.